मेंढरांसाठी हुसकलेली माणसे

स्कॉटलंड देशाच्या पश्चिमेला समुद्रात लहानमोठ्या बेटांची एक रांगच आहे. त्यांतले एग हे बेट जेमतेम ३१ चौरस किलोमीटरचे. मॅलेग बंदरातून तिथे बोट जाते, पण वारा खवळला की तीही जात नाही. अशा एका कोपऱ्यातल्या माणसांची हकीकत आमच्या वाचकांना सांगावीशी वाटली, कारण ती जमिनीची हकीकत आहे.

या बेटांवर क्रॉफ्टर नावाचा कष्टकरी शेतकरी राहतो. क्रॉफ्ट म्हणजे काही एकरांचा जमिनीचा तुकडा. क्रॉफ्टर म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कूळ. जमीन मालकाची, खंड कुळाने भरायचा आणि घरही कुळानेच बांधायचे, अशी जुनी रीत. घराजवळच्या तुकड्यात बटाटा, ओट आणि जनावरांसाठी गवत. मागचा डोंगर मात्र सर्वांच्या सामाईक चराईचा. त्याला त्यांचे गायरान म्हणा ना! त्यावर कोणत्या घराने किती मेंढ्या आणि किती गाई सोडायच्या, हा आकडा ठरलेला असतो. क्रॉफ्टर आपसात समिती निवडतात आणि लिखापढीला एक कारकून असतो. आम्ही स्वतः कारकुनीत आयुष्य काढलेले, त्यामुळे मेंढ्यांच्या पाठीमागेही रजिस्टर असते हे वाचून आम्हाला मोठी गंमत वाटली.

वर्षाचे काम मेंढीच्या पोटाने ठरते. नोव्हेंबरात मेंढे कळपात सोडतात, पाच महिन्यांनी एप्रिलमध्ये मेंढ्या विऊ लागतात. तेव्हा घरातल्या कोणाला धड झोप नसते. थंड पावसात कोकरू गारठले तर त्याला उचलून चुलीपाशी आणायचे, आई मेलेल्या कोकराला बाटलीने दूध पाजायचे. हे काम बहुतेक बायका-मुलांच्या वाट्याला. उन्हाळ्यात सगळे गाव मिळून, कुत्र्यांच्या मदतीने डोंगरावरचा कळप खाली वाडग्यात आणते आणि लोकर कातरते. शरद ऋतूत कोकरे बोटीने पलीकडे बाजारात जातात. बोटभाडे वजा जाऊन काय उरते ते आपले धनगर बांधव सहज ओळखतील. लोकरीला तर अलीकडे कातरणीची मजुरीही सुटेना. म्हणून क्रॉफ्टर एकाच धंद्यावर जगत नाही. कोणी टपाल वाटतो, कोणी धक्क्यावर बोटीचे दोर धरतो, कोणाची बायको शाळेत नोकरीला.

परंतु हीच मेंढी एके काळी या माणसांची वैरी झाली होती. लोकरीला आणि मटणाला चांगला भाव आला तेव्हा जमीनमालकांनी हिशेब केला, की गरीब कुळांच्या खंडापेक्षा एकच मोठा मेंढीवाला जास्त पैसे देतो. मग गावेच्या गावे उठवली. एगच्या दक्षिणेला ग्रुलिन नावाचे गाव होते. १८५३ साली मेंढ्यांसाठी ते रिकामे केले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण हातात कागद नाही. बरीच कुटुंबे समुद्रापार कॅनडाला गेली. घरांच्या दगडी भिंती अजून तिथे उभ्या आहेत.

हे चालले ते तीस-चाळीस वर्षे नव्हे, त्याहून कितीतरी अधिक. मग शेजारच्या स्काय बेटावर ब्रेज येथील कुळांची सहनशक्ती संपली. बेन ली डोंगरावरची त्यांची चराई मालकाने काढून घेतली होती. ती परत मिळेपर्यंत त्यांनी खंड भरायला नकार दिला. एप्रिल १८८२ मध्ये नोटिसा घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःच्या हाताने त्या नोटिसा जाळायला लावल्या. तेव्हा ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आले आणि पाच जणांना धरून नेले. पोलिसांवर दगडांचा वर्षाव करण्यात बायका पुढे होत्या, कित्येकींची डोकी फुटली. आमच्या भगिनींनी हे वाक्य पुन्हा वाचावे. शेवटी बेन लीची चराई कुळांना मिळाली.

दगडाने डोंगर मिळाला, पण हक्क मिळाला तो मताने. १८८३ साली सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याच्यापुढे साधी कुळे गेलिक भाषेत उभी राहून बोलली. १८८४ च्या कायद्याने खेड्यातल्या घरधनी पुरुषांना मताधिकार मिळाला, १८८५ च्या निवडणुकीत क्रॉफ्टरांच्या बाजूचे उमेदवार पार्लमेंटात गेले आणि १८८६ साली कायदा झाला. खंड भरत असेल तोवर कुळाला काढता येणार नाही, खंड रास्त ठरवला जाईल आणि जमीन वारसाला मिळेल, ही त्यातली मुख्य कलमे. पूज्य बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागेही कुळाला स्थैर्य मिळावे हीच तळमळ होती.

मात्र त्या कायद्यात एक मोठी खोट राहिली. ज्याच्या हाती तुकडा होता त्यालाच तो लागू झाला. आधीच हुसकलेल्यांना आणि भूमिहीनांना त्याने जमीन दिली नाही. कूळकायद्यात भूमिहीनाचे काय झाले हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एग बेटावरही तेच दिसले. तिथल्या क्रॉफ्टरांना कायद्याचे संरक्षण होते, पण बाकी कित्येक घरांना पक्का भाडेपट्टाही नव्हता. आणि अख्खे बेट एका धनिकाकडून दुसऱ्याकडे विकले जात असे, एखादी मोटार विकावी तसे! १९९६ साली ते पुन्हा विक्रीला निघाले, तेव्हा रहिवाशांनी ते आपणच घ्यायचे ठरवले. वस्ती साठ-पासष्ट माणसांची आणि किंमत पंधरा लाख पौंड! त्यांनी लोकांकडे हात पसरला, आणि हजारो सामान्य माणसांच्या देणग्यांबरोबर एका निनावी दात्याची मोठी रक्कमही आली. १२ जून १९९७ रोजी बेट रहिवाशांच्या न्यासाच्या मालकीचे झाले. या न्यासात स्थानिक स्वराज्य संस्था आणि वन्यजीवांची एक संस्थाही सामील आहे. २००३ च्या कायद्याने अशा गावांना, जमीन विक्रीला निघाली तर ती घेण्याचा पहिला हक्क दिला.

तोवर बेटावर वीजही नव्हती, ज्याला परवडेल तो आपापले डिझेल यंत्र लावी. २००८ सालापासून वारा, पाणी आणि ऊन यांपासून बेटाची स्वतःची वीज तयार होते. लोकवस्तीही वाढून शंभराच्या पुढे गेली. प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅट, श्रीमंत असो की गरीब. हीटर, किटली, धुलाईयंत्र सगळे एकदम चालू केले की त्या घरची बत्ती गुल होते, आणि ती पुन्हा सुरू करायला गावातल्याच माणसाला बोलवावे लागते.