कँडी, कँडिडेट आणि वारणेची साखर

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करून कधी वैतागलायत? लाजू नका, सगळेच वैतागलेत. जीआरईसाठी आणलेलं बॅरन्सचं ते जाडजूड पुस्तक, त्यातली ३५०० शब्दांची यादी, रोज पन्नास शब्द पाठ करायचा संकल्प, आणि 'ए'चे शब्द संपायच्या आत संकल्पाचा निकाल! २०११ मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, पण यादीची दहशत काही गेली नाही. क्लायंटच्या मेलमध्ये अनोळखी शब्द दिसला की आपण गुपचूप दुसरी विंडो उघडतोच.

त्यातून मराठी मीडियमवाला असेल तर विचारूच नका. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या मंडळींची एबीसीडीच पाचवीत सुरू झाली. कोल्हापूर-सांगलीकडून पुण्यात आलेला इंजिनिअर कोड झकास लिहितो, पण मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात तीनदा घोळवतो.

यावर क्लासवाल्यांचा एक फेमस फंडा आहे. सारखी अक्षरं असलेले शब्द एकत्र ठेवा. एकाचा अर्थ कळला की बाकीचे आपोआप कळतात. फंडा चांगला आहे, पण निम्माच.

उरलेला निम्मा समजून घ्यायला वारणानगरला चला. पन्हाळा तालुक्यातलं हे गाव तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभं केलं. आधी साखर कारखाना, मग दूध संघ, १९८३ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज. १९९८ मध्ये आसपासच्या ७० गावांत कॉम्प्युटर नेणारा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पही इथलाच. सीझनमध्ये उसाच्या गाड्या आणि हवेत तो गोडसर-आंबूस वास. आता समजा, इथल्या हॉस्टेलवरचा एखादा पोरगा 'सी-ए-एन-डी' ही चार अक्षरं घेऊन बसला.

कँडल म्हणजे मेणबत्ती. कँडिड म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा (लग्नातले कँडिड फोटो तेच, पोज न देता काढलेले). कँडर म्हणजे हा मोकळेपणा. इनकँडेसंट म्हणजे तापून लख्ख उजेड देणारा, जुन्या पिवळ्या बल्बसारखा. या सगळ्यांचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ पांढरं असणं, चमकणं. मग कँडिडेट? प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढराशुभ्र केलेला टोगा घालून मतं मागत फिरायचा. म्हणून तो कँडिडेट. कारखान्याच्या निवडणुकीतले कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आठवा. दोन हजार वर्षांत ड्रेसकोड काही बदललेला नाही! आणि या शब्दांचा एक लांबचा भाऊ आपल्याकडे आहे: चंद्र. तोही त्याच चमकण्याच्या धातूतला.

आता सहावा शब्द, कँडी. अक्षरं तीच, पण या घराण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. ती आली आपल्या 'खंड' या शब्दावरून. खंड म्हणजे तुकडा, त्यातून साखरेचा खडा, आपली खांड. फारसीत ती 'कंद' झाली, अरबीतून फ्रेंचमध्ये गेली आणि इंग्रजीत कँडी होऊन बसली. खडीसाखरच ती, परदेशात जाऊन नाव बदललेली.

शुगरचीही तीच गोष्ट. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे मुळात खडे, वाळू. फारसी शकर, अरबी सुक्कर, मग लॅटिन आणि फ्रेंच असा प्रवास करून ती शुगर झाली. ग्रीकमार्गे गेली ती सॅकरिनच्या नावात पोचली. आणि जॅगरी? म्हणजे आपला गूळ. केरळातल्या 'चक्करा'चं पोर्तुगीजांनी 'जागरा' केलं, तिथून हा शब्द आला, आणि 'चक्करा'च्या मुळाशी पुन्हा शर्कराच. शुगर आणि जॅगरी स्पेलिंगमध्ये ओळख दाखवत नाहीत, पण सख्ख्या बहिणी आहेत.

कारखान्यामागची मळी घ्या. मळी म्हणजे मळ, गाळ. इंग्रजीत मोलॅसिस. 'म' आणि 'ल-ळ' ऐकून एकच शब्द वाटावा, पण मोलॅसिसच्या मुळाशी लॅटिन 'मेल' आहे, म्हणजे चक्क मध. मेलिफ्लुअस, म्हणजे मधासारखा वाहणारा आवाज, हा जीआरईचा लाडका शब्द त्याच घरातला. एकाच पदार्थाला आपण मळ म्हणालो आणि ते मध म्हणाले.

अक्षरांवर आंधळा विश्वास ठेवला तर पचका कसा होतो तेही बघा. नॉइसम म्हणजे गोंगाटाचा, असं कुणीही ठोकून देईल. प्रत्यक्षात अर्थ आहे घाणेरड्या वासाचा. तो आला 'अनॉय'च्या कुळातून, नॉइजशी नातं नाही. म्हणजे कारखान्याची मशिनरी नॉइझी आणि मळीची टाकी नॉइसम. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र उलटा: शक्ती काढून घेणं. 'आजच्या प्रेझेंटेशननं मी एनर्व्हेटेड झालो' असं बॉसला कौतुकानं सांगाल तर अप्रेझलला काय होईल ते तुम्हीच बघा.

तेव्हा यादी करा, अक्षरं जुळवा, पण नातं जोडायच्या आधी डिक्शनरीत शब्दाचं मूळ बघा. कंसातली ती बारीक अक्षरं आपण नेहमी गाळतो, खरी मजा तिथेच असते.

जाता जाता, उन्हाळ्यात मॉलमध्ये सीअरसकरचा शर्ट दिसला तर हात लावून बघा. एक पट्टी गुळगुळीत, शेजारची चुरगळलेली. नाव फारसी 'शीर-ओ-शकर'वरून आलंय: दूध आणि साखर. त्यातला शीर म्हणजे आपल्या 'क्षीर'चाच भाऊ. वारणानगरच्या पोरानं तो घालून इंटरव्ह्यूला जायला हरकत नाही. गावाकडचा दूध संघ आणि कारखाना, दोन्ही अंगावर!