नवीन माणूस आणि चर्चचं दार : स्वागत मोजायचं कसं?

समजा, तुम्हाला अभ्यास करायचाय की चर्च नवीन माणसाचं स्वागत कसं करतात. सिनॉप्सिस लिहायला बसलात की पहिलं काय सुचतं? प्रश्नावली. पाळकांना विचारायचं, 'तुमच्याकडे सर्वांचं स्वागत होतं का?' पहिल्या वर्षी मीही अशीच एक प्रश्नावली घेऊन गाईडकडे गेले होते. त्यांनी वाचली आणि एवढंच विचारलं, "याला 'नाही' कोण म्हणेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'सर्वांचे स्वागत आहे' हे कित्येक चर्चच्या फलकावरच लिहिलेलं असतं. ते पुन्हा प्रश्नावलीत लिहून घेऊन आपल्याला नवीन काय कळणार?

म्हणून आज एक पेपर समजून घेऊ. ब्रॅडली राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 मध्ये 'जर्नल फॉर द सायंटिफिक स्टडी ऑफ रिलिजन'मध्ये आला. त्यांनी काही विचारलंच नाही. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या पंथांची चर्च घेतली आणि त्यांना ईमेल पाठवले. मजकूर साधा होता : मी तुमच्या भागात राहायला येतोय, चर्च शोधतोय. बदलत होतं ते खालचं नाव. काही नावं गोऱ्या माणसाची वाटतील अशी, काही कृष्णवर्णीय, काही हिस्पॅनिक, तर काही आशियाई. मग बघायचं की उत्तर येतं का, किती मोठं येतं आणि त्यात आपुलकी किती आहे.

या रीतीत ताकद कुठे आहे ते नीट बघा. तुम्ही म्हणाल, एखाद्या छोट्या चर्चमध्ये ईमेल कोणी उघडतच नसेल. बरोबर आहे. पण कोणतं नाव कोणत्या चर्चला जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे ईमेल न उघडणारी चर्च सगळ्याच नावांच्या वाट्याला साधारण सारखी येतात. तरीही एका नावाला उत्तरं कमी आली, तर कारण नावातच शोधावं लागतं. एक काळजी मात्र घ्या. अमुक चर्चने उत्तर दिलं नाही म्हणून ते भेदभाव करतं, असं यातून म्हणता येत नाही. फरक गटाचा आहे, एकट्या चर्चचा नाही. व्हायव्हात हे हमखास विचारतात.

आता निष्कर्ष. इव्हँजेलिकल आणि कॅथलिक चर्चच्या उत्तरांत नावानुसार फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो मेनलाइन प्रोटेस्टंट चर्चमध्ये, म्हणजे समतेची, उदारमतवादी भूमिका साधारणपणे उघडपणे घेणाऱ्यांमध्ये. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सर्वांत जास्त उत्तरं, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक नावांना थोडी कमी, आशियाई नावांना बरीच कमी. आलेली उत्तरंही आखूड आणि कोरडी. माझी प्रश्नावली या चर्चना दिली असती, तर बहुधा त्यांनाच सर्वांत जास्त मार्क पडले असते!

लेखकांचं स्पष्टीकरण असं की माणसं आपल्यासारख्यांतच रमतात, आणि एकसारख्या लोकांच्या मंडळीत वेगळ्या माणसाला सामावून घ्यायची काही किंमत मोजावी लागते. मला हे पटतं, पण प्रयोगाने ते सिद्ध झालं असं मी लिहिणार नाही. प्रयोगाने फरक दाखवला. तो का पडला हे कळायला त्या मंडळीत जाऊन बसावं लागेल.

शिवाय ईमेल म्हणजे रविवारची सकाळ नव्हे. रिचर्ड लापिएर यांचा 1934 चा पेपर आठवा. ते एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेभर फिरले आणि हॉटेलं, खाणावळी मिळून 251 ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्राने विचारलं, 'चिनी पाहुणे घ्याल का?', तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जण 'नाही' म्हणाले. कागदावरचा माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यांना लोक वेगवेगळं वागवतात. म्हणजे ईमेलला थंड राहिलेलं चर्च दारात हसून हात मिळवेलही. उलटंही होऊ शकतं.

ही रीत आपल्याकडे वापरता येईल का? वापरून झालीय, फक्त चर्चवर नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ते छापून आलं. दलित आणि मुस्लीम नावांना पुढचं बोलावणं कमी आलं.

महाराष्ट्रातल्या चर्चवर हे करायचं तर दोन अडचणी आहेत. एक, तुम्ही खोटं नाव सांगून कोणाचा तरी वेळ घेताय, तोही परवानगीशिवाय. नैतिकता समितीपुढे याचं उत्तर तयार ठेवा. निदान कोणत्याही चर्चची ओळख उघड होणार नाही, हे लेखी द्या. दुसरी अडचण आडनावांची. वसईच्या कॅथलिक माणसाचं आडनाव डिसोझा किंवा लोपीस असू शकतं, तर नगरकडच्या प्रोटेस्टंट घरात गायकवाड, शिंदे सापडतील. एकाच आडनावातून धर्म, जात, भाग असं बरंच काही एकदम वाचलं जातं, आणि तुम्हाला मोजायचं असतं त्यातलं एकच. म्हणून नावांची यादी आधी दहा-पंधरा जणांना दाखवा आणि वाचून काय वाटलं ते लिहून घ्या. 'पाटील'पासून सुरुवात करा, मजा येईल.