व्यायाम शिकवणाऱ्याचे शिक्षण

शाळेच्या वेळापत्रकात सर्वांत दुबळा तास कोणता, असे कोणी विचारले तर उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. गणिताचा भाग मागे पडला, की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला जातो. परीक्षा जवळ आली, की तो इंग्रजीला जातो. पाऊस आला, की तो कोणालाच मिळत नाही. आणि हा तास घेणारे जे गृहस्थ, त्यांच्याकडे प्रभातफेरीच्या रांगा लावण्यापासून स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मांडण्यापर्यंत सर्व कामे सोपवलेली असतात. या गृहस्थांनी महाविद्यालयात काही वर्षे काढून पदवी मिळवलेली असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. 'त्यात शिकण्यासारखे ते काय?' हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारण्यात आला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. तासभर खुर्चीवर बसून व्यायामाविषयी ऐकावयाचे, यातील विनोद आम्हांला कळत नाही असे नाही. परंतु श्रोत्यांनी तेवढा सोसावा.

ही महाविद्यालये काही काल-परवाची नव्हेत. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली मद्रासला वाय. एम. सी. ए. च्या आश्रयाने शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तिचेच पुढे महाविद्यालय झाले. आपल्याकडे अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्येच हनुमान आखाडा सुरू केला होता. त्यातून वाढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. सरकारने कांदिवलीला शिक्षक तयार करण्याची संस्था १९३८ मध्ये काढली. पुढे १८५७ च्या शतसांवत्सरिक वर्षी, म्हणजे १९५७ साली, ग्वाल्हेरला झाशीच्या राणीच्या नावाने महाविद्यालय निघाले. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचे आगाशे महाविद्यालय १९७७ चे. शिक्षक होण्याचा पदवी अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षात उरकत असे. २०१४ च्या नियमांनी तो दोन वर्षांचा केला.

एवढ्या वर्षांत शिकवतात काय? शरीररचना, शरीरक्रिया, हालचालींचे यंत्रशास्त्र, मानसशास्त्र, प्रथमोपचार, अध्यापनपद्धती अशी विषयांची यादी येथे वाचून दाखवण्यात स्वारस्य नाही. त्यापेक्षा एकच साधा अनुभव घेऊ आणि तो या शास्त्राच्या हाती लागला म्हणजे त्याचे काय होते ते पाहू.

वर्षातून एकदा हौसेने सिंहगडावर जाऊन आलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय होते, हे सांगावयास नको. मांड्या भरून येतात. मौज अशी, की जिना चढणे कसेबसे जमते, पण उतरताना तोंडातून हाय निघते. असे का? जुने उत्तर असे, की श्रमाने स्नायूंत दुग्धाम्ल साचते आणि ते दुखवते. दुग्धाम्लाचा मान त्या काळी मोठाच होता. ए. व्ही. हिल आणि ऑटो मायरहोफ यांना स्नायूंच्या कार्यावरील संशोधनाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिलने आणखी एक सुंदर कल्पना मांडली. माणूस जोराने धावतो तेव्हा लागणारा सगळा प्राणवायू त्याला त्या क्षणी मिळत नाही; शरीर जणू उसनवारीवर काम भागवते आणि थांबल्यावर धापा टाकून ते कर्ज फेडते. कर्जाची ही कल्पना पुढे बरीच सुधारून घ्यावी लागली. दुग्धाम्लापासून होणारे द्रव्य म्हणजे नुसता कचरा नसून हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, हे नंतर दिसून आले. शिवाय श्रम थांबल्यावर तासाभरात ते बहुतेक निघून जाते. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचा दोष त्याच्या माथी कसा मारावयाचा?

खरे कारण गड चढण्यात नसून उतरण्यात आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू शरीराचा भार तोलीत तोलीत लांबत जातो. ताण सोसत लांबण्याच्या या कामात, सवय नसेल तर, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येताना सूज येते, ठणका लागतो. भरून आलेला स्नायू मात्र पुढच्या खेपेस तेवढ्याच श्रमाला सहसा कुरकुरत नाही. सराव म्हणतात त्यातील बराच भाग हा आहे.

आता हे ज्ञान घेऊन शाळेच्या पटांगणावर येऊ. उठाबशी म्हणजे तरी काय? खाली बसताना मांडीचा तोच स्नायू, भार तोलीत, तसाच लांबत जातो. तालमीतला मल्ल शेकड्यांनी बैठका मारतो आणि त्याला काही होत नाही, कारण वस्तादाने त्या बैठका वर्षानुवर्षे, पाच-दहा करीत वाढवलेल्या असतात. त्या वस्तादाने शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसेल, पण क्रमाक्रमाने वाढ हे तत्त्व तो पुरते जाणून होता; आम्ही त्याला अडाणी म्हणणार नाही. अडाणीपणा तेथे आहे, जेथे वही आणली नाही म्हणून सवय नसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एका दमात दोनशे उठाबशा काढावयास लावतात. अशा वेळी इजा सूक्ष्म राहत नाही. स्नायूंच्या पेशी मोठ्या संख्येने फुटू शकतात, त्यांतील मायोग्लोबिन नावाचे रंगद्रव्य रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. मुलाच्या मांड्या विलक्षण सुजल्या, दुखू लागल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर घरी शेकत बसू नये; तडक रुग्णालय गाठावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली हे योग्यच झाले; पण कायदा ठाऊक नसलेला मनुष्य आणि स्नायू ठाऊक नसलेला मनुष्य यांत मुलाला अधिक भय दुसऱ्याचेच. कारण दुसरा पुष्कळदा हे सारे शिक्षा म्हणून नव्हे, तर 'मुले काटक व्हावीत' अशा सद्हेतूने करतो. घामेजलेल्या मुलाने पाणी पिऊ नये, हाही असाच सद्हेतूचा नियम. एप्रिलच्या उन्हात त्याने उष्माघाताला आमंत्रण जाते.

दुसरे एक उदाहरण मुलींचे. दोन फेऱ्यांतच दम लागून बसणाऱ्या मुलीला आळशी ठरवणे सोपे असते. प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिनचे. ते कमी असेल तर हृदयाने कितीही घाई केली तरी माल कमीच पोहोचणार. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या भारतीय मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातील निम्म्याहून अधिक मुली अपुऱ्या रक्तावर धावत असण्याचा संभव आहे. जाणत्या शिक्षिकेच्या ध्यानात हे तपासणीच्या आधी येऊ शकते, कारण त्या मुलीला धावताना ती रोज पाहत असते.

या शिक्षणात मोजण्याची सवय लागते, तिला आम्ही फार मोल देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या प्रयोगशाळेत तयार झालेली आणि १९४३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी येथील विद्यार्थी अजून करतात. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटे चढउतार करावयाची. मग बसून पहिले मिनिट जाऊ द्यावयाचे आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मिनिटाच्या पहिल्या अर्ध्या भागात नाडी मोजावयाची. समजा, ठोके ८२, ६६ आणि ५२ आले. बेरीज २००. श्रमाचे ३०० सेकंद गुणिले १००, भागिले बेरजेची दुप्पट, म्हणजे ३०,००० भागिले ४००, उत्तर ७५. नव्वदाच्या वर गुण असणारा उत्तम, पंचावन्नाच्या खालचा दुबळा. आपला मनुष्य मधलाच, पण बरा. गणित सोपे आहे. शिक्षण सुरू होते ते एखादा बुटका विद्यार्थी 'बाक सर्वांना सारखाच उंच का?' असे विचारतो तेव्हा. ज्याची तंगडी आखूड, त्याला तोच बाक अधिक श्रमाचा. मग या गुणांवरून दोघांची तुलना कितपत करावी? हा वाद वर्गात जुंपला, की प्राध्यापकांनी फारसे मध्ये पडू नये असे आमचे मत आहे.

हीच चिकित्सा आपल्या परंपरेलाही लावता येते, आणि ती लावणारा मनुष्य महाराष्ट्रीयच होता. बडोद्याच्या माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. नौली करताना पोटात काय घडते, हे ग्रंथवचनाने न ठरवता त्यांनी दाबमापक लावून पाहिले. मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खाली जातो असे त्यांना आढळले. श्रद्धा होतीच, पण आकडाही हवा होता.

एवढे शिकून बाहेर पडणाऱ्याला आपण कोणती जागा देतो? वर सांगितलेल्या त्याच २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभराहून अधिक मुले असतील तेथे, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा निदेशक सांगितला आहे, पण तो अंशकालीन. मुलाचे शरीर मात्र पूर्णवेळ वाढत असते.

त्यांच्या पदवीतील आम्हांला सर्वांत कठीण वाटणारा भाग म्हणजे प्रत्यक्ष पाठ. समोर साठ मुले, पटांगण दोन बसगाड्या उभ्या राहतील एवढे, चेंडू चार आणि वेळ पस्तीस मिनिटे. मुलांच्या चार रांगा लावल्या, की शिस्त उत्तम दिसते आणि पाहणाऱ्या पालकांना समाधान होते. पण रांगेतला पंधरावा मुलगा त्यात बहुतेक वेळ उभाच असतो. म्हणून तयार विद्यार्थी रांगा मोडतो. चार-चार, पाच-पाच मुलांचे गट पाडतो, चेंडू नसलेल्या गटांना लंगडी, उड्या, फेरधाव देतो आणि दर काही मिनिटांनी गट फिरवतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो गोंधळ वाटतो. परीक्षक वही घेऊन पटांगणाच्या कडेला उभे असतात. पाठ संपल्यावर त्यांनी विचारावा असा प्रश्न हा, की सर्वांत मागे उभ्या असलेल्या त्या जाड्या मुलाच्या हाती चेंडू किती वेळा आला.