वाऱ्याच्या वेळापत्रकानं धारावी बेट

घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्या ठाणेकराला सांगून पटत नाही, पण हाच रस्ता पुढे धरत गेलं की समुद्र लागतो. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला खुल्या समुद्राचा एवढाच तुकडा उरला: भाईंदर पश्चिमेच्या पुढचं उत्तन. मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी, उत्तन, पाली, चौक अशी ही गावं धारावी बेटावरची. उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला मनोरीची. बेटाची गोराई-मनोरीकडची बाजू मुंबई उपनगर जिल्ह्यात जाते.

इथं एकट्यानं ई-सायकलवर जावं. मोटार नेलीत तर उत्तनच्या अरुंद रस्त्यावर समोरच्या बसला वाट देण्यातच सकाळ जाते. ठाण्याहून अंतर पस्तीसेक किलोमीटर. डोंबिवलीकरानं मोठागाव-माणकोली पुलावरून कशेळी, बाळकुम गाठावं. गायमुखचा घाट मात्र उजाडायच्या सुमारासच ओलांडलेला बरा. तिथला चढ मोटर सोसते. कंटेनरच्या शेजारून जाणं आपल्यालाच सोसावं लागतं.

खरी गंमत वाऱ्याची. हिवाळ्यात सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, म्हणजे जाणाऱ्याच्या पाठीशी. दुपारी खारे वारे सुटतात आणि तेच परतीला ढकलतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांवर दहा बेटं जोडणारा सुमारे ३०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. तिथलेही लोक नैऋत्येचा वारा पाठीशी राहावा म्हणून दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. आपल्याकडे तेवढं सामान बांधायला नको, घड्याळ पाहिलं की पुरे. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या सायकलीला नोंदणी लागत नाही, लायसन्सही नाही. पण समोरून वारा असताना बॅटरी भराभर उतरते, आणि उतरलेली ई-सायकल म्हणजे वीसेक किलोचं ओझं. तेव्हा नुसती मोटर पिळू नये, पेडल मारत राहावं.

चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. आहे म्हणायचा, अवशेष थोडेच. चिमाजी अप्पांचा पुतळा जास्त ठळक. तरी जागा बघण्यासारखी. पलीकडे वसई, मध्ये खाडीचं मुख. पोर्तुगीजांच्या वसईला समुद्रावाटे येणारी रसद रोखायची तर हा नाका हातात हवा, हे नकाशा न उघडता कळतं. मराठ्यांनी ठाण्याचा कोट १७३७मध्येच घेतला (आज त्यात मध्यवर्ती कारागृह आहे), धारावी मात्र कायमची हाती यायला १७३९चा मार्च उजाडला. मेमध्ये वसई पडली.

खाली किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात, दोन-दोन मासे एकमेकांच्या जबड्यात अडकवून दोरीवर टाकलेले. सायकलवाल्याला नकोसा वाटणारा वारा इथल्या कोळणींना हवाच असतो. ऊन एकटं पुरत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, मांडवही रिकामे. पावसाळ्यात म्हणूनच मी कुणाला इकडं पाठवत नाही.

सगळंच रम्य नाही. मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर येऊन पडतो आणि वारा फिरला की वासही फिरतो. डोंगरीला मेट्रोची कारशेड ठरली, झाडांवरून वाद पेटला. बेटावरच्या लोकांना हे विचारलंत तर थांबायची तयारी ठेवा, उत्तर लांबतं.

उत्तनहून दक्षिणेला गोराई आणि मनोरीपर्यंत सलग रस्ता आहे. मनोरीहून मार्व्याला बोट जाते, तीत दुचाकीही चढते. त्या वाटेनं मालाडमार्गे परतता येतं, पण पुढची वाहतूक सोसवत नाही. भाईंदरचाच रस्ता धरावा, आणि सुके बोंबील घेतले असतील तर पिशवीला दोन गाठी माराव्यात.