विळ्यावर चढणारं तांबं

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण तयार झालं की फवारणीआधी त्याची एक झटपट परीक्षा होते. घासून स्वच्छ केलेला विळा, तो नसेल तर साधा खिळा, मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढायचा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय. मग आणखी चुना कालवायचा आणि पुन्हा विळा बुडवायचा. कोकणात सुपारीच्या कोळे रोगावर हेच मिश्रण फवारतात, तिथेही हीच परीक्षा. शाळेच्या प्रयोगवहीत तिचं नाव ‘विस्थापन अभिक्रिया’ असं आहे. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. बागाईतदाराला विसरून चालत नाही, कारण चुना कमी पडला तर पानं करपतात.

मिश्रणाचा उगम फ्रान्सचा. बोर्दोजवळच्या मेडोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेलींवर केवडा रोग कमी आहे, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला 1882 मध्ये दिसलं. 1885 मध्ये त्याने हा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणाचं प्रमाण आजही सोपं आहे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी.

मोरचूद पाण्यात विरघळला की तांब्याचे आयन मोकळे होतात. प्रत्येकाकडे दोन इलेक्ट्रॉन कमी. द्रावण आम्लधर्मी असतं, निळा लिटमस त्यात तांबडा होतो. चुना ही आम्लता मारतो आणि तांब्याला न विरघळणाऱ्या हायड्रॉक्साइडमध्ये बांधून ठेवतो. चुना अपुरा असेल तर मोकळे आयन शिल्लक राहतात आणि लोखंड दिसताच त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. लोखंडाचे अणू द्रावणात उतरतात, तांबं पात्यावर बसतं. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत कालवत नाहीत. जस्त तर इलेक्ट्रॉन द्यायला लोखंडापेक्षाही उतावीळ.

हा उतावीळपणा उतरत्या क्रमाने मांडला की अभिक्रियाशीलता श्रेणी तयार होते: पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, पुढे तांबं, चांदी, सोनं. या धातूंच्या रांगेत हायड्रोजनलाही जागा दिलेली असते, कारण आम्लात हायड्रोजनचे आयन मोकळे असतात. हायड्रोजनच्या वर असलेला धातू त्यांना इलेक्ट्रॉन देतो आणि वायूचे बुडबुडे निघतात. तांबं हायड्रोजनच्या खाली, त्यामुळे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात ते तसंच पडून राहतं. नायट्रिक आम्लात ते विरघळतं खरं, पण तिथे निघतो तो तपकिरी विषारी वायू, हायड्रोजन नाही.

पण श्रेणी फक्त कल सांगते. ॲल्युमिनिअम लोखंडाच्या वर, म्हणजे मोरचुदाच्या द्रावणात ते खिळ्यापेक्षा जोरात झिजायला हवं. प्रत्यक्षात फॉइलचा तुकडा टाकला तर बराच वेळ काहीच घडत नाही. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा चढतो आणि तो आतला धातू झाकून ठेवतो. आता त्याच द्रावणात मीठ टाका. क्लोराइड आयन पापुद्र्याला भोकं पाडतात, द्रावण तापतं, बुडबुडे येतात आणि फॉइल तांबूस चुऱ्याखाली नाहीशी होते. मोरचूद विषारी असल्याने हे प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर करावं. माझ्या मते श्रेणी शिकवताना पहिला प्रयोग हाच हवा. नियम पाठ होण्याआधी त्याची मर्यादा दिसते.

विळ्यावर तांबं आपोआप चढतं. इलेक्ट्रॉन आपल्या मर्जीने फिरवायचे असतील तर वीज लागते, आणि किती लागेल हे बरंचसं श्रेणीच सांगते. तांबं शुद्ध करताना अशुद्ध तांब्याची जाड पाटी धनाग्र म्हणून आम्ल मिसळलेल्या मोरचुदाच्या द्रावणात सोडतात आणि ऋणाग्राला पातळ पत्रा लावतात. धनाग्र विरघळत जातं, ऋणाग्रावर 99.99 टक्के शुद्ध तांबं साचतं. लोखंड, जस्त, निकेल विरघळतात, पण तांब्याचे आयन हाताशी असताना पुन्हा धातू होत नाहीत, द्रावणातच राहतात. सोनं-चांदी विरघळतच नाहीत, तळाला गाळ होऊन बसतात. त्या गाळाची किंमत सांगायला नको. तांबं इकडून तिकडे न्यायचं एवढंच काम असल्याने सुमारे 0.3 व्होल्ट पुरतात आणि एका किलोला एक युनिटही वीज जात नाही.

श्रेणीत वर चढलं की हिशेब बदलतो. सोडियमच्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण घेऊन वीज सोडली तर ऋणाग्रावर सोडियमऐवजी पाण्यातला हायड्रोजनच निघतो. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये पोटॅशियम आणि सोडियम मिळवले ते वितळवलेल्या अल्कलींतून. ॲल्युमिनिअमची वाट 1886 मध्ये अमेरिकेत हॉलने आणि फ्रान्समध्ये एरूने स्वतंत्रपणे शोधली. दोघांचा जन्म 1863 चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, 1914 मध्ये. बॉक्साइटपासून काढलेलं ॲल्युमिना एकटं वितळवायला दोन हजार अंशांहून जास्त तापमान लागतं. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये मात्र ते साधारण 950 अंशांना विरघळतं. तरी ऑक्सिजनच्या तावडीतून धातू सोडवायला किलोमागे 13 ते 15 युनिट वीज खर्च होतेच. भंगारातला जुना टोप पुन्हा वितळवायला याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते, कारण त्यातला ऑक्सिजन पहिल्या खेपेलाच काढून झालेला असतो.