ससाण्यासाठी हातमोजा

ब्रिटनमध्ये ससाणा डाव्या मुठीवर बसवण्याची रीत आहे, म्हणून मोजाही एकच, डाव्या हाताचा. (भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारी पक्षी पाळता येत नाहीत.) घरी शिवायचा तर दीड-दोन मिलिमीटर जाडीचे मऊ गाईचे किंवा हरणाचे कातडे घ्यावे. फार जाड कातड्यात बोटे वळत नाहीत आणि पक्ष्याच्या पायातले पट्टे नीट धरता येत नाहीत.

जाड कागदावर पंजा पसरून रेघ मारावी, कडेने सेंटिमीटरभर जागा सोडावी आणि मनगटाकडून रुंद होत जाणारी बाही काढावी. अंगठ्याचा तुकडा वेगळा कापतात.

खरी कसोटी शिलाईची. आरीने सारख्या अंतरावर भोके पाडावीत. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून त्या प्रत्येक भोकातून समोरासमोरून काढाव्यात. एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. शिवण बाहेरच राहू द्यावी, म्हणजे बोटांना टोचत नाही.

पक्षी अंगठा आणि तर्जनीवर बसतो. तिथे कातड्याचा दुसरा थर हवाच, कारण नख्यांचा सारा दाब तिथेच येतो. गरुडासाठी बाही कोपरापर्यंत नेतात. मांस मोज्यावरच भरवले जात असल्याने रक्त लगेच ओल्या फडक्याने पुसून मोजा सावलीत वाळवावा.