‘पाणी आणा’ म्हणण्याआधी

रस्त्यात अपघात झाला की आपल्याकडे तीन आवाज हमखास उठतात. ‘अरे, बाहेर काढा त्यांना!’, ‘पाणी आणा, पाणी!’ आणि तिसरा, जरा दबक्या आवाजात, ‘चला हो, उगीच पोलिसांचं लचांड मागं लागेल.’ गेल्या मे महिन्यापर्यंत यातले पहिले दोन मीही मोठ्या कळवळ्याने काढले असते. तिसरा मी एकदा ऐकला होता आणि ऐकून गप्प बसले होते. ते पुढे सांगते.

नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यासाठी आम्ही दोघं पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. शिरवळ मागे पडलं होतं. आमच्या पुढची एक छोटी मोटार एकाएकी दुभाजकाला घासली, गर्रकन फिरली आणि कडेच्या कठड्यावर जाऊन आदळली. यांनी आमची गाडी बरीच पुढे नेऊन कडेला लावली आणि मी पाण्याची बाटली घेऊन धावत सुटले. दुसरं काही सुचलंच नाही!

मागून आलेला कोल्हापूरकडचा एक ट्रकवाला मात्र धावला नाही. त्याने आधी क्लीनरला लाल फडकं देऊन चांगलं लांब मागे उभं केलं, झाडाची फांदी मोडून रस्त्यावर टाकली. मग मोटारीच्या खिडकीतून हात घालून किल्ली फिरवून इंजीन बंद केलं. गर्दीत एकाने विडी काढली होती, त्याच्यावर असा काही खेकसला! मला म्हणाला, “काकू, पाणी र्‍हाऊ द्या. फोन लावा.”

फोन यांनी लावला, १०८ ला. पलीकडून विचारलं, नेमके कुठे आहात? आता काय सांगायचं? ‘साताऱ्याच्या अलीकडे’ हा काही पत्ता नव्हे. शेवटी एक पोरगा पळत जाऊन कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून आला. तेव्हापासून मी प्रवासात ते दगड वाचत असते. महामार्गावर कुठून कुठे जाणारी बाजू, जवळचं गाव आणि हा आकडा, एवढं सांगितलं की रुग्णवाहिका चुकत नाही. (१०८ नाहीच लागला तर ११२ लावावा.)

इतक्यात दोन तरुण चालकाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढू लागले. “सोडा! हलवू नका त्यांना!” मागे थांबलेल्या एस.टी.तून एक बाई उतरून येत होत्या. पेशाने परिचारिका. त्या नसत्या तर आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी चांगल्या मनाने, काय करून ठेवलं असतं कोण जाणे. मानेचं किंवा पाठीचं हाड मोडलेलं असेल आणि माणसाला असं खेचलं, तर आतल्या मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. गाडीने पेट घेतला, पेट घेण्याची चिन्हं दिसली किंवा श्वासच थांबला, तर मात्र बाहेर काढावंच लागतं. एरवी नाही.

गाडीत पन्नाशीचं जोडपं होतं. ते बेशुद्ध, हनुवटी छातीवर टेकलेली, घशातून घरघर. सिस्टरनी मला मागच्या सीटवर बसवलं. “ताई, दोन्ही हातांनी डोकं धरा. हळूच सरळ करा, मागे झुकवू नका. आता हात सोडायचे नाहीत.” डोकं सरळ होताच घरघर थांबली, श्वास मोकळा झाला. हे मी माझ्या हातांनी अनुभवलं. घसा दुमडला की आत हवा जात नाही, एवढीच साधी गोष्ट! जमिनीवर बेशुद्ध पडलेल्या माणसाचा श्वास चालू असेल, पण तोंडात रक्त किंवा उलटी येत असेल, तर डोकं, मान आणि अंग एकाच वेळी वळवून त्याला कुशीवर करायचं. श्वासच नसेल तर उताणं निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायचं. दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. पण हे वाचून येत नाही हं. प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर हाताने करून पाहावं लागतं.

बाई शुद्धीवर होत्या. दंडातून भळाभळा रक्त येत होतं. “स्वच्छ फडकं आहे का कुणाकडे?” आमच्या पिशवीत आहेराचे टॉवेल होते, कोरे. सिस्टरनी त्यातल्या एकाची घडी घालून जखमेवर दाबून धरली. ती भिजली तेव्हा काढली नाही, तिच्यावरच दुसरी ठेवली. फडकं सारखं उचलून पाहिलं तर धरत आलेली खपली सुटते. जखमेत काच किंवा पत्रा रुतला असेल तर तो उपटायचा नाही, दोन्ही बाजूंनी दाबायचं. हळद आणि कॉफीची पूड स्वयंपाकघरात ठीक आहे. अशा जखमेत नको.

बाईंनी पाणी मागितलं. अगदी काकुळतीने. माझी बाटली शेजारीच होती. सिस्टर म्हणाल्या, “नको. थेंबभरही नको.” अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची तर पोट रिकामं हवं. त्यांनी रुमाल ओला करून बाईंचे ओठ तेवढे टिपले. तहानलेल्याला पाणी नाकारणं आपल्याला फार जड जातं, नाही का? मला गेलं.

रुग्णवाहिका पाऊण तासाने आली असं मला वाटलं. हे म्हणतात, पंचवीस मिनिटं. माझे हात बधिर झाले होते आणि त्या पंचवीस मिनिटांत मला १९९४ साल आठवत होतं. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. आम्ही एका वडीलधाऱ्या नातेवाइकांच्या जीपमधून चाललो होतो. रस्त्याकडेला सायकल आडवी आणि शेजारी एक माणूस, हात हलवणारा. ते म्हणाले, “थांबायचं नाही. कोर्टाच्या चकरा कोण मारणार?” नवी सून मी, मान खाली घालून बसले.

तेव्हाची ती भीती अगदीच पोकळ होती असं नाही. इस्पितळंसुद्धा ‘पोलिस केस’ म्हणून जखमींना परत पाठवीत. एका स्कूटरस्वाराला असंच दुसऱ्या इस्पितळात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. त्या प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की आधी उपचार, मग कागद. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळालं ते मात्र फार पुढे. २०१६ साली न्यायालयाने त्याविषयीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्‍भावनेने मदत करणाऱ्यावर, त्याच्या हातून काही चूक झाली तरी, खटला भरता येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. साक्ष द्यायची की नाही, तीही त्याची मर्जी. हे घरातल्या पुरुषमंडळींना जरूर वाचून दाखवा! गाडी थांबवायची की नाही, हे बहुतेक वेळा तेच ठरवतात.

मी माझा नंबर आपणहून दिला, रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना. त्यांनी मानेला पट्टा बांधला, तेव्हा कुठे सिस्टरनी मला हात सोडायला सांगितलं. एस.टी. त्यांच्यासाठी थांबली होती. त्या चढल्या आणि गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. रस्त्यावरची फांदी ट्रकवाल्याने आठवणीने उचलली.

साताऱ्याला पोचेपर्यंत साखरपुडा आटोपला होता. नणंदेने दारातच विचारलं, “निदान पाणी तरी पाजलंत ना त्यांना?”

जुलैत फोन आला. त्या बाईंचाच. हात वाचला होता, बोटं हलू लागली होती. यजमान चौथ्या दिवशी गेले. बराच वेळ त्या टॉवेलांबद्दलच बोलत राहिल्या, नवे घेऊन देते म्हणाल्या. मग विचारलं, “तुम्हीच होतात ना मागे बसलेल्या? ते काही बोलले का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “पण श्वास चालू होता. मी डोकं धरून होते शेवटपर्यंत.”

“हो,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्या बांगड्या दिसत होत्या.”